चार चाकं ओढतात म्हणून गाडी लवकर थांबत नाही



खोडव्याच्या खतावर लिहायचं ठरवलं होतं, ते पुढच्या आठवड्यात. आज गाडीवर लिहितो. पाऊस तोंडावर आलाय आणि एकच वाक्य मी या महिन्यात चौथ्यांदा ऐकलं. "आपली फोर बाय फोर हाय, पावसात कसलं भ्या?" सोसायटीत ऐकलं, काट्यावर ऐकलं, एका लग्नात ऐकलं, आणि एका शिकलेल्या पोरानं तर मलाच ऐकवलं.

हे वाक्य साफ चुकीचं आहे. चार चाकांची ओढ गाडी पुढं नेण्यासाठी असते. गाडी थांबवण्याशी तिचा जवळजवळ काही संबंध नाही. ज्याला हा फरक कळत नाही त्यानं ती गाडी पावसात रस्त्यावर आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आधी हिशोब बघू. गाडीचं टायर रस्त्याला टेकतं ती जागा साधारण आपल्या तळहाताएवढी. चार चाकं म्हणजे चार तळहात. गाडी वीस लाखांची असो नाहीतर दोन लाखांची जुनी, जमिनीशी तिची ओळख या चार तळहातांपुरतीच. साध्या गाडीत इंजिन यातले दोनच वापरतं, बहुतेक पुढचे. एडब्ल्यूडी गाडीत गरज पडली की चारही वापरले जातात. म्हणून चिखलातून ती निघते. इथपर्यंत बरोबर.

आता ब्रेकचं बघा. ब्रेक कुठल्याही मोटारीत चारही चाकांना असतो. आजोबांच्या काळातल्या गाडीला पण होता. म्हणजे थांबताना चारही तळहात आधीपासून कामाला लागलेलेच आहेत. एडब्ल्यूडीनं त्यात पाचवा तळहात आणला काय? नाही आणला. उलट मागं जाणारा शाफ्ट, मागचा डिफरन्शियल, क्लच यांचं वजन वाढलं, म्हणजे थांबवायचं ओझं थोडं जास्तच झालं.

काही जण म्हणतात, "आमची एडब्ल्यूडी खरंच भारी थांबते." थांबत असेल. पण ती बहुतेक वेळा वरचं मॉडेल असते, त्यात मागं पण डिस्क ब्रेक असतात, टायर रुंद असतात. शाबासकी डिस्कला आणि टायरला द्या. काम बैलानं केलं आणि हार गाडीवानाच्या गळ्यात, असं करू नका.

हा गैरसमज आला कुठून, यावर मी बराच विचार केला. मला वाटतं तो ट्रॅक्टरवरून आला. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. फोर व्हील टाकलं की पुढचा आस मागच्याशी जोडला जातो, मग मागचा ब्रेक पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. म्हणून उतारावर ट्रॅक्टर फोर व्हीलमध्ये जास्त चांगला आवरतो. हे खरं आहे, आपण रोज अनुभवतो. पण ते ट्रॅक्टरचं खरं आहे. मोटारीला पुढं ब्रेक मुळातच आहे, आणि थांबण्याचं जास्त काम पुढचेच ब्रेक करतात, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढं झुकतो. ट्रॅक्टरवरची अक्कल मोटारीला लावली की गणित चुकतं.

मी हे गाडी न वापरता बोलत नाही. चार वर्षांपूर्वी मी जुनी एडब्ल्यूडी क्रॉसओव्हर घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, जाहिरात करायची नाही आणि बदनामी पण करायची नाही. शिरोळ तालुक्यात आमची काळी रानं. पाऊस झाला की पाणंदीत पाय टाकला तर चप्पल वर येत नाही. त्या पाणंदीत या गाडीनं मला पुष्कळदा सोडवलंय. रात्री मोटर बंद पडली, बियाणं पोचवायचं होतं, आईला दवाखान्यात न्यायचं होतं, दर वेळी ती निघाली. तिच्या या गुणाबद्दल माझी तक्रार नाही. पैसे वसूल झाले.

पण तिची हद्द पण बघितली. क्रॉसओव्हरची एडब्ल्यूडी म्हणजे थारची फोर बाय फोर नव्हे. थारला वेगळा दांडा आहे, त्यात फोर लो आहे, म्हणजे ओढीचा कमी वेगाचा गिअर आहे. २०१४ साली आपल्याकडं डस्टरची एडब्ल्यूडी आली, तिला नुसता गोल खटका होता, टू व्हील, ऑटो आणि लॉक. ग्रँड विटाराच्या ऑलग्रिपमध्ये ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक आहे. स्नो म्हणजे बर्फ. आमच्या तालुक्यात बर्फ फक्त रसवंतीवर बघायला मिळतो, पण असो. या गाड्यांत एरवी पुढचीच चाकं ओढतात. ती घसरायला लागली की मधला क्लच आवळतो आणि मागच्या चाकांना ताकद जाते. हा क्लच लहान असतो. खोल चिखलात बराच वेळ चाकं फिरवत बसलात तर तो तापतो, काट्यावर दिवा लागतो आणि थंड होईपर्यंत मागची ओढ बंद. तेव्हा ती गाडी साध्या गाडीसारखीच रुतते आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. रानाला वाफसा आल्याशिवाय आपण कुळव घालत नाही, तर मोटार कशाला घालायची? चार चाकं ओढतात म्हणून ओल्या रानात गाडी नेली तर दोन नुकसानं. गाडीचा क्लच तापतो, आणि चाकोरीतली जमीन दबून कडक होते, तिथं पुढं पाणी मुरत नाही आणि मुळी चालत नाही. कृषी खात्यातली मंडळी हे पान वाचतात, ती दुसरं नुकसान मला पाठ करून सांगतील. पहिलं पण ध्यानात ठेवा.

आता मुख्य मुद्दा. एडब्ल्यूडीचा सगळ्यात मोठा धोका असा की ती घसरण लपवते.

साधी गाडी ओल्या रस्त्यावर सोडताना चाक थोडं फिरतं, नाक इकडंतिकडं होतं. ती गाडी तुम्हाला सांगत असते, "मालक, रस्ता निसरडा हाय, दमानं." एडब्ल्यूडी गाडी असं काही सांगत नाही. गुमान सुटते, वेग घेते. आत बसलेल्याला वाटतं रस्ता चांगलाच आहे. रस्ता निसरडा आहे हे त्याला कळतं पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर. तोवर वेग ७० झालेला असतो.

गेल्या जूनमध्ये, पहिल्या पावसात, नात्यातल्या एका पोराच्या गाडीनं हेच झालं. नवीकोरी नव्हती, पण एडब्ल्यूडी होती. टायर मात्र गोटा झालेले. पहिल्या पावसात डांबरावर धूळ, ऑइल आणि ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल यांचा राडा होतो, साबण लावल्यासारखा. पुढं दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल होती, ती वळायला थांबली. ह्यानं ब्रेक दाबला, गाडी सरळ घसरत गेली. दूधवाला वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला. चार महिने त्याची दुधाची फेरी बंद. ज्यांच्या घरी तो दूध आणायला जायचा त्यांनी दुसरा माणूस बघितला. केस अजून चालू आहे.

पोरगा मला म्हणाला, "मामा, गाडी सुटताना एकदा पण घसरली न्हाय, मग थांबताना कशी घसरली?"

त्याचं उत्तर म्हणजे ही सगळी पोस्ट आहे. सुटताना चार चाकांवर थोडं थोडं ओझं होतं. थांबताना ७० च्या वेगातली सगळी गाडी त्याच चार गोटा टायरांना आवरायची होती.

वेगाचं पण जरा मोजून बघा. समजा ४० च्या वेगात ब्रेक लागल्यावर गाडी १० मीटरमध्ये थांबते. ८० च्या वेगात ती २० मीटरमध्ये थांबेल असं वाटतं, पण नाही, ४० मीटर घेते. वेग दुप्पट, तर अंतर चौपट. त्याच्या आधी समोरचं दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद तरी जातो. त्या एका सेकंदात ४० ला ११ मीटर आणि ८० ला २२ मीटर गाडी तशीच पुढं जाते. बेरीज करा. ४० ला २१ मीटर, ८० ला ६२ मीटर. आपल्या साडेचार फुटी सरीनं मोजलं तर एकीकडं १५ सऱ्या, दुसरीकडं ४५ सऱ्या. हे कोरड्या रस्त्याचं. ओल्याला अजून वाढवा. यात चार चाकांची ओढ कुठंच येत नाही. गणितात तिला जागाच नाही.

आता ब्रेकचा माझा अनुभव. गाडी घेतल्यापासून मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेत होतो. नाव नको. दोन सर्व्हिसच्या बिलावर "ब्रेक तपासले, ओके" असं छापलेलं आहे, माझ्याकडं आहेत ती बिलं. त्याच बिलात बॉडीला चकचकीत कोटिंग, एसीचा फवारा, आतली सफाई असं सगळं होतं, आणि प्रत्येकाचे पैसे लावलेले. दुसऱ्या सर्व्हिसनंतर दीड महिन्यानं आम्ही पाच जण रत्नागिरीला निघालो. आंबा घाट उतरताना निम्म्यावर गेल्यावर पायडल मऊ लागायला लागलं. दाबलं की खाली जातंय. मी गिअर दुसऱ्यात टाकला, कडेला जागा होती तिथं गाडी घेतली आणि अर्धा तास थंड होऊ दिली. मग दुसऱ्या गिअरमध्येच खाली उतरलो.

गावातल्या आमच्या मिस्त्रीनं ब्रेक ऑइलचं झाकण काढून दाखवलं. काळं, चहासारखं. ते बदललंच नव्हतं. पॅड ठीक होते, डिस्क ठीक होत्या, ऑइल मेलेलं.

हे ऑइल का मरतं ते समजून घ्या, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, पावसाळ्यात ठेवलेल्या मिठासारखं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशापर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेलं ऑइल मोजतात तेव्हा ही हद्द १५५ वर आलेली चालते. घाटात सारखा ब्रेक दाबून डिस्क तापल्या की त्या ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून पायडल खाली जातं आणि गाडी चालतच राहते. दोन वर्षांनी ऑइल बदला असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात असतं. खर्च एका फवारणीच्या औषधापेक्षा जास्त नाही. पण ते चमकत नाही, दिसत नाही, म्हणून सर्व्हिसवाले विकत नाहीत आणि आपण मागत नाही.

त्या दिवशी माझी चार चाकांची ओढ काय करत होती? काहीच नाही. गाडीनं वाचवलं ते दुसऱ्या गिअरनं. घाट ज्या गिअरनं चढायचा त्याच गिअरनं उतरायचा, हे आमचे वडील ट्रकवाल्यांकडून शिकले होते. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे, त्याहून शहाणे म्हणजे चावी बंद करून उतरणारे, त्यांना तर हात जोडतो. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकची मदत संपते आणि पायडल दगडासारखं होतं.

एबीएसबद्दल पण एक शब्द. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडं नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. ओल्या डांबरावर जोरात ब्रेक दाबला की पायाखाली थरथर होते. पुष्कळ जण घाबरून पाय उचलतात. उचलायचा नाही. घट्ट दाबून धरायचा आणि स्टेअरिंगनं गाडी काढायची, एबीएस त्यासाठीच आहे. चाक जाम होत नाही म्हणून गाडी वळते. मात्र खडीवर, सैल मुरमावर, चिखलावर त्याच एबीएसनं थांबायचं अंतर वाढू पण शकतं. आपल्या निम्म्या वाटा तशाच आहेत. म्हणून तिथं वेगच कमी पाहिजे.

आता टायरचं. कृषी पदवीधरांना लीबिगचा नियम माहीत आहे. पिकाला जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी पडतं, त्यावर उत्पादन ठरतं. जस्त कमी असेल तर युरियाची पोती ओतून उपयोग नाही. गाडीचं पण तसंच. एडब्ल्यूडी, एबीएस, एअरबॅग, सगळी पोती ओतलीत, पण टायर गोटा असेल तर सगळं त्या टायरपाशी अडतं. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतं टायर.

आणि आपण काय करतो? एडब्ल्यूडीसाठी लाखाच्या वर जादा मोजताना हात थरथरत नाही. चार टायरचे ३०-४० हजार म्हटलं की "अजून एक पावसाळा निघंल" सुरू होतं. कायद्यानं मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाऊन चालत नाही. खाचांमध्ये लहान उंचवटे दिलेले असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपलं. ते शेवटचं टोक आहे. मी पावसाळ्याआधी त्याच्या बराच आधी बदलतो. वय पण बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालातला २३ वा आठवडा. नक्षी भरपूर पण रबर तडकलेलं, अशी टायरं आपल्याकडं फार, कारण गाडी शेडमध्ये उन्हात उभी असते.

एडब्ल्यूडीवाल्यांनी एक जास्तीचं ध्यानात ठेवायचं. दोन नवी आणि दोन घासलेली टायरं घालायची नाहीत. घेर वेगळा झाला की पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि मधला क्लच विनाकारण झिजतो. चारही एकसारखी पाहिजेत. हे शोरूममध्ये कुणी सांगितलं होतं काय? मला नाही सांगितलं. बंद पडली तर पुढची चाकं उचलून ओढून न्यायची नाही, हे पण नाही सांगितलं. पुस्तकात होतं, मी वाचलं.

आणि महापुराचं. २०१९ आणि २०२१ ला आमच्या भागानं पाणी बघितलंय. पाण्यानं गाडीचं वजन उचललं की चाकाचा जमिनीवरचा भार जातो. भार गेला की पकड गेली. मग दोन चाकं ओढोत नाहीतर चार, गाडी होडीसारखी प्रवाहाबरोबर जाते. वाहत्या पाण्यात फोर बाय फोरचा पराक्रम दाखवू नका.

"मग काय, एडब्ल्यूडी घेऊच नको म्हणता?" असं म्हणणार काही जण. घ्या की. ज्याची वस्ती रानात आहे, ज्याची पाणंद चार महिने चिखलात असते, त्याला ती कामाची आहे, मी पण वापरतोच. पण ती रानातून बाहेर पडायचं अवजार आहे, रस्त्यावर जोरात पळायचा परवाना नव्हे. ज्याचं घर डांबरी रस्त्याला लागून आहे आणि जो वर्षातून एकदा पाणंदीत जातो, त्यानं ते पैसे चांगल्या टायरला आणि मागं डिस्क असलेल्या मॉडेलला घालावेत. शोरूममध्ये गेलात तर सनरूफ आणि पडद्याच्या आधी हे विचारा. मागं डिस्क आहे का ड्रम? गाडी घसरताना आवरणारी ईएससी आहे का? टायर कुठलं, माप काय, आणि ते आपल्या तालुक्यात मिळतं का? विकणारा अडखळला की समजा, त्यानं पण कधी विचार केला नाही.

रानातून आल्यावर चाकाच्या आतल्या बाजूला पाण्याचा फवारा मारा. चिखल वाळून रिमला चिकटला की चाक थरथरतं, कॅलिपरच्या पिना अडकतात आणि पॅड एकाच बाजूनं झिजतात. ड्रममध्ये चिखल शिरला असेल तर मिस्त्रीकडून उघडून घ्या. पाण्यातून गाडी काढली की पुढं मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून बघा, ओले ब्रेक वाळतात.

आणि मंडळी, शेवटचं आपल्या स्वतःसाठी. रस्त्यावरचा तो राडा येतो कुठून? आपल्याच ट्रॅक्टरच्या चाकांतून. रानातून डांबरावर चढताना दोन मिनिटं थांबून फावड्यानं चाकं खरवडली तर मागून येणारी मोटरसायकल घसरत नाही. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पायडल रस्त्यावर येताना खिट्टीनं जोडा. सरकारनं रस्ता नीट करावा ही मागणी मी पण करतो, पण ही दोन कामं करायला सरकार लागत नाही.

पावसाच्या आधी चारच गोष्टी करा. टायरची नक्षी बघा. टायरचं वय बघा. ब्रेक ऑइलचं झाकण मिस्त्रीला तुमच्यासमोर उघडायला लावा. पॅड आणि ड्रम चाक काढून बघायला लावा, नुसतं बिलावर "ओके" नको. आणि घरातला जो पोरगा "आपली फोर बाय फोर हाय" म्हणतो, त्याला ही पोस्ट वाचून दाखवा. नाही ऐकलं तर चावी काढून घ्या. गाडी तुमच्या नावावर आहे, केस पण तुमच्या नावावर येईल, आणि तो दूधवाला पण आपल्यातलाच कुणीतरी असेल.